तुझा म्हणून ऐकलेला शंख

मोहन, काल दिवेलागणीला तुझ्या घरातून शंख वाजला.

मी तुमच्याकडेच येत होतो. दुसऱ्या मजल्याचा जिना संपवून वळलो आणि आवाज आला. आधी एक तोकडा, घसा साफ केल्यासारखा. मग एक लांब. मग तो तुझा तिसरा, जो संपला संपला म्हणताना पुन्हा वर चढतो आणि समोरच्या बिल्डिंगवर आपटून परत येतो. मी कठडा धरला. तुझं तेरावं परवा झालं. पंगतीत मी स्वतः वाढलं. पिंडाला कावळा शिवत नव्हता तेव्हा तुझ्या जावयाशेजारी हात जोडून उभा होतो. आणि तरीही त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? वाटलं, झालं ते सगळं आपल्याच समजण्यातली चूक होती. मोहन घरात आहे, बनियनवर, आणि दिवा लावून शंख फुंकतोय. आता दार ढकललं की म्हणेल, "काय रे सेक्रेटरी, तोंड असा कित्याक?"

मग वाटलं, टेप असेल. कोणीतरी तुझा आवाज भरून ठेवला असेल कॅसेटमध्ये.

दार लोटलेलं होतं. फटीतून देव्हारा दिसला, समई दिसली, आणि वहिनी दिसल्या. पाठमोऱ्या, पदर खोचलेला, दोन्ही हातांत तुझा तो पांढरा, जड शंख. त्यांनी पुन्हा तोंडाला लावला. बाजूने गाल दिसत होता. फुगला नव्हता. ओठ घट्ट आणि गाल ताठ, तू सगळ्यांना शिकवायचास आणि कोणालाच जमायचं नाही, तसं. आणि पुन्हा तोच आवाज. तुझा.

मला आत जाववेना. मी खाली उतरलो आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिलो.

तू गेलास ते अजून माझ्या डोक्यात शिरत नाही, मोहन. गणपतीचा चौथा दिवस, आरतीला अख्खी बिल्डिंग खाली. तू मखराच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी. आरती संपली, तू शेवटचा शंख फुंकलास. तो लांबला. इतका लांबला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग तू शंख खाली घेतलास, माझ्या हातात दिलास, म्हणालास, "धर." आणि मंडपाच्या बांबूला टेकून खाली बसलास.

आम्हाला वाटलं, दमलास. मंत्रपुष्पांजली सुरू झाली. मीही म्हणत होतो, एका हातात फुलं, दुसऱ्यात तुझा शंख. तुझी थुंकी अजून ओली होती त्याच्या तोंडावर. आम्ही शेवटपर्यंत म्हटली. एक शब्द गाळला नाही. फुलं वाहिली, प्रदक्षिणा घातली, प्रसादाचं ताट फिरलं, आणि कोणीतरी तुझ्यापुढे ताट धरलं तेव्हा कळलं. तोवर तू किती वेळ एकटा होतास तिथे, आमच्या सगळ्यांच्या मध्ये?

हे मी झोपेतून उठतो तेव्हा रोज पहिलं आठवतं. पण कालपासून त्याच्या आधी दुसरंच आठवतंय.

श्रावणातली मंडळाची सभा. तळमजल्यावर, स्कूटरी बाजूला सारून, सतरंजीवर. कामं वाटून झाली होती. मखर कोणी, वर्गणी कोणी, नैवेद्य कोणी. शंखाचं काम वाटायचा प्रश्नच नव्हता. बिल्डिंग बांधून झाल्यापासून शंख तुझा. पण तू हात वर केलास.

"यंदा शंखाचं माझ्याऐवजी घरचं कोणीतरी बघेल," तू म्हणालास.

"घरचं कोण?" मी विचारलं. "लेक सासरी. मुलगा तुला नाही. वहिनी फुंकणार की काय?"

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने. तूसुद्धा हसलास, पण थोडा उशिरा. मग म्हणालास, "समजा, फुंकल्यान तर?"

"बायकांनी शंख फुंकू नये, शास्त्र आहे," मी म्हणालो. आणि तू म्हणालास, "शंखाक काय कळता रे, फुकणारो बाप्यो की बायल?"

त्यावर तर सतरंजीवर लोळायचीच बाकी राहिली सगळी. कोणीतरी म्हणालं, "मग मोदक मोहनरावांनी वळायचे!" मी हसता हसताच पुढचा विषय घेतला, लाऊडस्पीकरचा. चप्पल घालताना तू एवढंच म्हणालास, "बरा तर. फुकतंय मीच."

शास्त्र आहे म्हणालो मी. कुठलं शास्त्र, मोहन? मी आयुष्यात एक पोथी धड वाचलेली नाही. लहानपणी आमच्या आत्याला कोणीतरी दटावलेलं ऐकलं होतं, तेवढंच माझं शास्त्र. तू आणखी एकदा विचारलं असतंस तर मला सांगता आलं नसतं. तू विचारलं नाहीस. तुझा स्वभावच तसा. वाद अर्धा सोडून द्यायचा आणि समोरच्याला वाटू द्यायचं की जिंकला.

डॉक्टरांनी तुला शिमग्यानंतर शंख बंद केला होता, हे मला तू गेल्यावर कळलं. तुझ्या जावयाकडून, स्मशानातून परत येताना. छाती तपासून त्यांनी सांगितलं होतं, ओझं उचलायचं नाही, जिने बेताने, आणि ते फुंकणं तर मुळीच नाही. ते ऐकलं तेव्हा मला तुझा राग आला होता. खरं सांगतो, राग. आम्हाला सांगितलं नाहीस म्हणून. आणि मनातल्या मनात एक सुटका पण शोधत होतो. कारण शिमग्यानंतरही तुझ्या घरातून रोज संध्याकाळी शंख वाजतच होता. मी माझ्या गॅलरीतून ऐकत होतो. म्हणजे तू डॉक्टरांचं ऐकतच नव्हतास. म्हणजे मंडळात फुंकलास काय आणि घरी काय. म्हणजे मी हसलो म्हणून काही झालं नाही. तेरा दिवस मी हे स्वतःला सांगत होतो. तेवढ्यावर जेवत होतो, झोपत होतो.

काल फटीतून वहिनी दिसल्या आणि तेही गेलं.

टाकीच्या कट्ट्यावर बसून मला एकेक संध्याकाळ आठवायला लागली. तू खाली पान खायला यायचास आणि विचारायचास, "आज कसो वाजलो?" मी म्हणायचो, झकास. एकदा म्हणालो होतो, "हल्ली तुझा दम वाढलाय रे. पूर्वी तिसरा एवढा टिकत नव्हता." तू हसत सुटलास, खोकला येईपर्यंत. पानवाल्याने पाणी दिलं तुला. मी आपला खूश, माझ्या शेऱ्यावर.

आणि गोराई. होडीने पलीकडे जायचो आपण, रविवारी, ओहोटी बघून. घरी दोघांनाही ओरडा बसायचा, एवढे घोडे झाले आणि शंखशिंपले वेचतात. तुला शिंपल्यांत रस नव्हता. दोन झाकणांचं काही नको म्हणायचास, उघडलं की संपलं. तुला एकसंध हवं. कवडी, छोटे शंख, ते निमुळते मळसूत्रासारखे. ओल्या वाळूवर एखादा चालताना दिसला की तू उकिडवा बसून राहायचास. मालवणला लहानपणी तू असाच बसायचास आणि आजी मागून रट्टा घालायची, असं सांगायचास. चालणारा तू कधी उचलला नाहीस. "घरात माणूस आसा," म्हणायचास. रिकामा असेल तरच पिशवीत. त्यातही दोनदा आत खेकडा निघाला आणि तू पिशवी टाकून ओरडलास, तो चाळीस वर्षांचा बाप्या.

मी मासिकातून वाचलेलं तुला सांगायचो. मला तेवढंच येतं. शंख हा त्या प्राण्याने स्वतःच्या अंगातून वाढवलेला असतो, टोकापासून सुरुवात करून, एकेक वळसा. म्हणजे टोक हे त्याचं सगळ्यात जुनं. जन्मला तेव्हाचं. आणि फुंकायचा शंख करायचा तर नेमकं तेच टोक कापावं लागतं. तुझा शंख तुझ्या मामाने यात्रेहून आणला तेव्हा अख्खा होता. तूच तो कारखान्यात नेऊन ग्राइंडरवर धरला होतास. मी म्हणालो, "म्हणजे त्याचं बाळपण कापलंस तू." तू क्षणभर गंभीर झालास. मग म्हणालास, "मेल्या, जावळ काढलंय त्याचा. जेवण घालूक व्हया होता."

गेल्या पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर गोगलगायी चढल्या होत्या तेव्हाचं बोलणं तर शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, ही एकच गोगलगाय नरही असते आणि मादीही.

"म्हणजे घरात भांडणाच नाय," तू म्हणालास. "आणि शंखातलो?"

"शंखात नर वेगळा, मादी वेगळी. पण वरून कवच बघून सांगता येत नाही, आत कोण होतं ते."

"आणि वाजवून?"

"वाजवून काय कळणार? वाजवतो तेव्हा आत कोणीच नसतं."

तू माझ्याकडे बघत राहिलास. तोंडात काहीतरी आलं होतं तुझ्या. मग म्हणालास, "चल, चाय पिऊया." मला वाटलं, तुला कंटाळा आला माझ्या ज्ञानाचा. तेव्हाच विचारलं असतं, काय म्हणत होतास, तर? पण मी चहा प्यायलो. चहाबरोबर गोगलगायींवर आणखी बोललो.

शेवटी मी पुन्हा जिना चढलो. मंडळाने मला कामाला धाडलं होतं. तुझा शंख मंडळाने मागून घ्यायचा, बिल्डिंगच्या देवळातल्या कपाटात ठेवायचा, त्यावर तुझं नाव, आणि पुढच्या वर्षापासून पोरांपैकी कोणाला तरी शिकवायचं, असं ठरलं होतं. ठराव मीच मांडला होता. मांडताना माझा गळा दाटून आला होता आणि सगळ्यांना तो आवडला होता.

वहिनींनी दार उघडलं. लेक बाजारात गेली होती, एकट्याच होत्या.

"या भावोजी," त्या म्हणाल्या. "मघाशी आलात आणि परत गेलात. चपलांचा आवाज ओळखते मी तुमच्या."

मी बसलो. शंख देव्हाऱ्यापुढच्या पाटावर होता, पुसून उताणा ठेवलेला.

"तुम्ही वाजवलात," मी म्हणालो. विचारलं नाही, नुसतं म्हणालो.

"दम लागला होता सकाळपासून. तेरा दिवस फुंकला नव्हता ना. सुतकात कसा फुंकणार? रात्री बसून काढल्या." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "वैद्यांनी सांगितलेलं मला, काहीतरी फुंकत जा, दम्याला बरं. फुगे आणले ह्यांनी आधी, जत्रेतले. ते फुंकून फुंकून पोरीच्या पोराला दिले. मग म्हणाले, फुगे कशाला, घरात शंख आहे की. दार लावून शिकवलं. मी भीत होते, बाईमाणसाने तोंड लावायचं म्हणजे. ते म्हणाले, देवाक तुझो दमो दिसता, मग शंख दिसल्यार काय जाता? गेल्या पावसाळ्यात शिकले. शिमग्यानंतर ह्यांचा बंद झाला, तेव्हापासून रोजचा माझाच."

"रोजचा?"

"रोजचा. ते बाजूला बसून घंटा वाजवायचे आणि खिडकीतून बघायचे, तुम्ही गॅलरीत आहात का. तुम्ही मान डोलावलीत की मला सांगायचे, सेक्रेटरीन पास केल्यान गो!"

त्या हसल्या. मोहन, तेरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. मला हसता येईना. तुमचा दोघांचा तो रोजचा आनंद माझ्या मान डोलावण्यावर चालला होता आणि मला पत्ता नव्हता. मला त्याचं बरंही वाटलं, हे लिहायला लाज वाटते. एवढ्या जवळचा होतो मी तुम्हाला. आणि एवढी भीती होती माझी.

"त्यांना सांगायचं होतं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "पान खायला निघताना म्हणायचे, आज सांगतंय. परत आले की मी बघायचे तोंडाकडे. म्हणायचे, आज नाय जमला." मग एकदम विचारलं, "कशाला आला होतात भावोजी?"

मी सांगितलं. मंडळाचा ठराव, कपाट, तुझं नाव. सांगताना माझं मलाच ते ऐकवत नव्हतं. मध्येच थांबून म्हणालो, "पण नको वहिनी, शंख इथेच राहू दे."

"तुम्ही ठरवणारे कोण?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तो इथेच राहणार आहे. पण ते मी सांगते."

मी मान खाली घातली. तेव्हा निघून आलो असतो तरी चाललं असतं. पण ज्यासाठी कट्ट्यावर बसून राहिलो होतो ते बोलायचं राहिलं होतं. मी श्रावणातल्या सभेबद्दल बोललो. तू काय म्हटलंस, मी काय म्हटलं, कसा हसलो. एकही शब्द मऊ केला नाही. सांगताना माझी नजर समईवर होती. म्हणालो, मी हसलो नसतो तर तो बोलला असता. तो बोलला असता तर त्या दिवशी मंडपात तुम्ही फुंकला असतात. मोहन बाजूला घंटा वाजवत बसला असता.

वहिनींनी समईची वात पुढे सारली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या रात्रीच सांगितलं त्यांनी. तुमची नक्कल करून सांगितलं, मोदकांचंसुद्धा. मी हसले. ते हसले. मग भात तसाच ठेवून उठले."

इतके दिवस त्यांना माहीत होतं. पंगतीत मी वाढत होतो तेव्हा माहीत होतं.

"डॉक्टर म्हणाले, शंखानेच झालं असं नाही," मी कसंबसं म्हणालो. "जिना चढतानाही झालं असतं."

"जिना चढताना झालं असतं तर जिन्याला बोलले असते मी."

मी म्हणालो, "मला माफ करा, वहिनी."

बाहेर कोणाच्या तरी घरी बातम्या लागल्या. मग त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला दोष दिला नव्हता, भावोजी. एका शब्दाने नाही. आपलो सुधीर तसोच आसा, म्हणायचे. पण मी देते. मला काही दिवस देऊ द्या. लगेच माफ करायला सांगू नका." आणि उठून चहा टाकायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "साखर कमी घेता ना अजून?"

मोहन, तू असतास तर एवढ्यात पाठीवर थाप पडली असती. "सोड मेल्या," म्हणाला असतास, आणि मी सुटलोही असतो. तीस वर्षं तू मला असाच सोडत आलास. आईच्या आजारपणात मी तुझ्यावर ओरडलो होतो तेव्हा, माझ्या बढतीत तुला विसरलो होतो तेव्हा, गोराईच्या होडीत तुझी पिशवी माझ्या हातून पाण्यात गेली तेव्हा. तुझी माफी इतकी हाताशी होती की मी ती मागायलाही शिकलो नाही.

चहा प्यायलो. कप विसळून पालथा घातला आणि निघालो. रविवारी मंडळापुढे सगळं सांगायचं आहे. हसतील. हसू देत.

आज संध्याकाळी मी पुन्हा वर जाणार आहे. वहिनींनी बोलावलेलं नाही. दार उघडलं तर बसेन. त्या मला जे जे बोलतील, जितके दिवस बोलतील, ते ऐकून घेईन. मध्ये काही बोलणार नाही.